आपल्या किनाऱ्यावरचे दोन कुरव

नोव्हेंबर लागला की भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचच्या मागे पांढरे पक्षी लागतात. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटींमागे, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी उतरत असताना, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात होडीतून फिरताना हेच पक्षी भेटतात. बहुतेक जण त्यांना ‘सीगल’ म्हणतात. मराठी पक्षिपुस्तकांत त्यांचे नाव कुरव. डोळ्यांसमोरच्या त्या एका थव्यात पुष्कळदा दोन वेगळ्या जाती मिसळलेल्या असतात, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. पाठ राखाडी, पोट पांढरे, चोच आणि पाय लाल, आवाज कर्कश. वरवर पाहिले तर वेगळेपण काही जाणवत नाही.

तरीही त्यांना वेगळे करून पाहावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण ते येतात त्या मुलखांत आहे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि पामीरच्या पठारांवरचा रहिवासी. समुद्रसपाटीपासून तीन-साडेचार हजार मीटर उंचीवरच्या थंड तळ्यांत त्याचा जन्म होतो आणि हिमालय मागे टाकून तो आपल्या खाड्यांत उतरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा मुलूख आइसलँड आणि ब्रिटनपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेला आहे, पण तो सगळा सखल पाणथळींचा, दलदलींचा, नदीमुखांचा. लाँचच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून हातभर अंतरावरून जाणारे दोन पक्षी इतक्या भिन्न भूगोलांतून आलेले असू शकतात. हे कळायला डोळ्यांना थोडे वळण लावावे लागते, एवढेच.

नवख्याची पंचाईत नावापासूनच सुरू होते. दोघांनाही डोक्याच्या रंगावरून ओळख मिळाली आहे, आणि ते आपल्याकडे मुक्कामाला असतात त्यातल्या बहुतेक काळात तो रंग त्यांच्या डोक्यावर नसतोच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोघांचीही डोकी पांढरी असतात. डोळ्यामागे, कानाच्या जागी एक काळपट ठिपका आणि डोक्यावरून गेलेल्या एक-दोन पुसट राखाडी रेघा, एवढाच त्या रंगाचा मागमूस राहतो. फेब्रुवारीच्या सुमारास डोक्याची पिसे बदलू लागतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये एकाच थव्यात पांढरी, चट्ट्यापट्ट्यांची आणि पूर्ण रंगलेली अशी सगळ्या टप्प्यांवरची डोकी दिसतात. तेवढ्यात त्यांची परतीची वेळ होते.

रंग पूर्ण चढल्यावर मात्र फरक चांगला कळतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा रंग प्रत्यक्षात गडद चॉकलेटी असतो. दुरून आणि उजेड त्याच्या पाठीमागे असताना तो काळा भासतो. हा रंग डोक्याच्या पुढच्या भागापुरताच असतो, मान पांढरीच राहते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा रंग त्याहून फिका, राखाडीकडे झुकणारा. चेहऱ्याजवळ तो आणखी फिकट होतो आणि मागच्या कडेला, मानेला भिडतो तिथे गडद होऊन त्याची एक ठळक सीमा बनते. डोळ्यांभोवती पांढऱ्या चंद्रकोरी दोघांनाही असतात. खरोखर काळ्या डोक्याचा कुरव आपल्याकडे येतो तो तिसराच, मोठा कुरव. बदकाहून मोठा, पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळा-लाल पट्टा असलेला तो धिप्पाड पक्षी या दोघांत उभा राहिला की चुकायला जागाच उरत नाही.

डोके काही महिन्यांपुरते कशाला रंगते, याचे उत्तर काळ्या डोक्याच्या कुरवावरच शोधले गेले. निको टिंबर्गन हा मूळचा डच शास्त्रज्ञ ऑक्सफर्डला राहून कुरवांच्या वसाहतींचा अभ्यास करत होता. विणीच्या हंगामात दोन कुरव समोरासमोर आले की गडद चेहरा पुढे करणे ही धमकी असते. शेजाऱ्याला हुसकावताना पक्षी मान खाली घालून तो चेहरा थेट त्याच्याकडे रोखतो. आता हीच दोन पाखरे जोडी जमवायला निघाली तर? तिथे धमकीचा चेहरा अडचणीचा. म्हणून नर-मादी एकमेकांच्या शेजारी उभे राहतात आणि एकाच वेळी झटक्याने माना उलट दिशांना फिरवतात, म्हणजे एकमेकांना चेहरा न दाखवता पांढरी मान दाखवतात. टिंबर्गन आणि मार्टिन मॉयनिहान यांनी १९५२ साली या हालचालीचे वर्णन प्रसिद्ध केले. रंग हा भांडणाचा आणि सलगीचा असा दोन्हीकडचा व्यवहार सांभाळतो. हिवाळ्यात, घरट्याची हद्द राखायची नसताना, त्याचे काम संपते आणि तो जातो. आपल्या वाट्याला येते ती या पक्ष्याची बिनभांडणाची बाजू.

डोके असे बदलते असल्यामुळे ओळख पटवायची ती पंखावरून. प्रौढ कुरव वर्षातून एकदाच, विणीनंतर, उड्डाणाची मोठी पिसे बदलतो. त्यामुळे पंखाच्या टोकाची नक्षी डिसेंबरात असते तीच मेमध्ये असते. उडत्या थव्याकडे पाहताना नजर पंखाच्या शेवटच्या वीतभर भागावर ठेवावी.

काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड, मनगटाच्या सांध्यापासून टोकापर्यंत, स्वच्छ पांढरी असते. ती मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी पाचर दिसते. काळा रंग उरतो तो पिसांच्या अगदी शेवटी, आणि पंखाच्या मागच्या कडेने तो पांढऱ्या धोतराच्या काळ्या काठासारखा सरळ रेघेत जातो. पक्षी कितीही दूर असला, तरी पंख वर-खाली होताना ही पांढरी पाचर लखलखते. पक्षी डोक्यावरून गेला तर पंखाच्या खालच्या बाजूला आणखी एक खूण मिळते. बाहेरची काही पिसे पांढरी आणि त्यांच्या लगेच आतला भाग काळपट राखाडी, असा त्यांचा विरोध स्पष्ट असतो.

तपकिरी डोक्याच्या कुरवाचे गणित उलटे आहे. त्याच्या पंखाचे टोक चांगले रुंद आणि काळे असते, आणि त्या काळ्या भागात, सर्वांत बाहेरच्या दोन पिसांवर, पांढरे ठिपके असतात. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘मिरर’ म्हणतात. काळ्या टोकाच्या आत, मनगटाकडे, पांढरा मोठा पट्टा. म्हणजे पंखाच्या टोकापासून आत येताना काळा, त्यात पांढरे ठिपके, पुन्हा काळा, मग पांढरा आणि शेवटी पाठीचा राखाडी असा क्रम लागतो. खालून पाहिले तरी काळे टोक आणि त्यातले ठिपके दिसतात. हे एकदा मनात बसले की हिवाळ्यातही, पांढऱ्या डोक्याच्या शंभर पक्ष्यांत, दोन्ही जाती आपोआप वेगळ्या होऊ लागतात. मला तो क्षण फार आवडतो, कारण थवा तोच असतो पण त्यात एकदम दोन लोकवस्त्या दिसायला लागतात.

कुरवांच्या पंखांची टोके काळी का असतात, यालाही कारण आहे. पिसाला काळेपणा देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य पिसाला टणकही करते. टोकाच्या पिसांना वारा, वाळू, खारे पाणी, ऊन यांचा सर्वांत जास्त मार बसतो. पांढरे पीस लवकर झिजते, काळे टिकते. वर्षभर वापरलेल्या पिसाकडे बारकाईने पाहिले तर कित्येकदा टोकाचे पांढरे ठिपके झडून गेलेले आणि काळा भाग शाबूत राहिलेला आढळतो. जगभरच्या कित्येक कुरवांत पाठ आणि पंख फिके, पण टोके काळी, असा मेळ पुन्हा पुन्हा दिसतो तो यामुळे.

बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत पंख मिटलेले असतात आणि नक्षी झाकली जाते. तेव्हा डोळ्याकडे वळावे. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, पिवळसर किंवा जवळजवळ पांढरे, आणि त्यामुळे त्याची नजर रोखलेली वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, चेहरा त्यामुळे सौम्य. चांगली दुर्बीण आणि सकाळचा उजेड असेल तर ही खूण पंखाइतकीच भरवशाची आहे. याशिवाय चणीचा फरक आहे. काळ्या डोक्याचा कुरव ३७ ते ४३ सेंटिमीटर लांबीचा, हलका, बारीक चोचीचा, आणि उडताना सुरय पक्ष्याची आठवण करून देणारा. तपकिरी डोक्याचा कुरव ४१ ते ४५ सेंटिमीटरांचा, जाड मानेचा, दणकट चोचीचा, रुंद पंखांचा. लांबीतला फरक आकड्यात किरकोळ दिसतो, पण वजनात तो मोठा आहे. काळ्या डोक्याचा पक्षी सहसा दोनशे ते चारशे ग्रॅमच्या दरम्यान असतो, तपकिरी डोक्याचा साडेचारशेच्या पुढे, सातशेपर्यंत जातो. दोघे शेजारी बसले तर हे लगेच कळते. एकटा पक्षी समोर असेल तर नुसत्या आकारावर विसंबून राहू नये.

पहिल्या वर्षाची पिल्ले या सगळ्या नियमांना थोडी मुरड घालतात. त्यांच्या पंखांवर तपकिरी पट्टा असतो, शेपटीच्या टोकाला काळी आडवी रेघ असते, चोच नारिंगी आणि टोकाला काळी असते, आणि दोन्ही जातींत डोळा गडदच असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिल्लाला ‘मिरर’ अजून आलेले नसतात, त्याच्या पंखाचे टोक एकसंध काळे दिसते. काळ्या डोक्याच्या पिल्लाच्या पंखावर मात्र पांढरी पाचर, जरा मळकट आणि रेघांनी कापलेली असली तरी, त्या वयातही दिसते. म्हणजे इथेही पंखाची नक्षीच उपयोगी पडते. किनाऱ्यावर यांच्यासोबत सडपातळ चोचीचा कुरवही मिसळलेला असू शकतो. त्याच्या पंखाची नक्षी काळ्या डोक्याच्या कुरवासारखीच असते, पण चोच आणि कपाळ लांबुडके, डोळा फिकट, आणि विणीच्या हंगामातही डोके पांढरेच. ठाण्याच्या खाडीत आणि गुजरातच्या मिठागरांवर त्याची आठवण ठेवावी.

आता घरांकडे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पठार मी आधी घेतो, कारण भारतात त्याची वीण पाहता येते ती लडाखमध्ये. त्सो कार आणि त्सो मोरिरी ही तळी सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहेत. दोन्ही आता महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कार २०२० पासून. हिवाळाभर गोठलेले पाणी मोकळे झाले की कुरव तळ्यातल्या छोट्या बेटांवर आणि दलदलीच्या उंचवट्यांवर वसाहती करून घरटी घालतात. बेट निवडण्याचे कारण सरळ आहे. आजूबाजूला पाणी असले म्हणजे कोल्हा, कुत्रा, पाळीव जनावरांचे खूर यांच्यापासून अंडी वाचतात. त्याच पाणथळींत काळ्या मानेचे क्रौंच आणि पट्टकदंब हंसही वीण करतात. तिबेटच्या पठाराच्या ईशान्येला चीनमधले छिंगहाई सरोवर, ताजिकिस्तानातले काराकुल, किर्गिझस्तानची उंच तळी, असा हा मुलूख पसरला आहे. उन्हाळा आखूड, रात्री गारठ्याच्या, हवा विरळ. तिथले पिल्लू काही आठवड्यांत उडते होते आणि पहिल्याच वर्षी हिमालय ओलांडून भारत, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार किंवा थायलंडच्या किनाऱ्यावर येते.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातही असाच एक डोंगरी कुरव आहे, उंच तळ्यांवरचा, अंगाने मोठा आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असलेला. दोघे जगाच्या दोन टोकांना राहतात. थंड आणि उंच जागी अंग भारी असणे फायद्याचे ठरते हे समजते, पण पंखाच्या ठिपक्यांतले साम्य मला जास्त गुंतवून ठेवते.

काळ्या डोक्याच्या कुरवाचा जन्म सखल प्रदेशात, लव्हाळ्यांच्या दाटीत, दलदलीत किंवा वाळूच्या टेकड्यांत होतो. शेजाऱ्याशी हाकेच्या अंतरावर घरटी, आणि एका वसाहतीत हजारो जोड्या. टिंबर्गनचे सर्वांत गाजलेले काम अशाच एका वसाहतीत झाले, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये. त्याला पडलेला प्रश्न अगदी लहान होता. पिल्लू अंड्यातून बाहेर आले की आई किंवा बाप रिकामे कवच चोचीत धरून उडतो आणि दूर नेऊन टाकतो. एका हंगामात या कामाला काही सेकंदच लागतात. पण तेवढे सेकंद घरटे उघडे पडते आणि शेजारचा कुरव किंवा कावळा पिल्लू उचलू शकतो. मग हा धोका पत्करायचा कशासाठी?

कुरवाचे अंडे बाहेरून खाकी, गडद ठिपक्यांचे, वाळूत मिसळून जाणारे. कवच आतून पांढरे. टिंबर्गन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेकड्यांवर अंडी मांडून ठेवली. काहींजवळ फुटलेले कवच ठेवले, काहींजवळ नाही. कवचाजवळची अंडी कावळ्यांनी आणि आकाराने मोठ्या अशा दुसऱ्या जातींच्या कुरवांनी जास्त पळवली. कवच अंड्यापासून जितके दूर, तितकी अंडी सुरक्षित. दोन मीटरांवर नेल्यावर धोका बराच उतरला. म्हणजे पांढरी कड शिकाऱ्याला वाट दाखवते आणि आईबाप ती खूण पुसतात. १९६२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातला मला सर्वांत भावणारा भाग पुढचा आहे. कुरव हे काम ताबडतोब करत नाही. पिल्लू ओले असेपर्यंत तो थांबतो. ओले, बुळबुळीत पिल्लू शेजारच्या कुरवाला एका घासात गिळता येते. अंग वाळून लव फुलली की तेच पिल्लू गिळायला अवघड होते. म्हणून कवच उचलायला थोडा उशीर, पण फार नाही. दोन बाजूंच्या दोन धोक्यांमध्ये एक वेळ साधली जाते. उलट, उभ्या कड्यांवर घरटे करणारा किट्टीवेक हा कुरव कवचे उचलत नाही, असे एस्थर कलन यांच्या निरीक्षणांतून दिसले होते. कड्यावर शिकारी फारसा पोहोचत नाही, मग अंडी लपवायचे कारणच नाही. एका पक्ष्याची सवय समजायला त्याचा भाऊबंद असा उपयोगी पडतो. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ साली टिंबर्गनला कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. रेव्हनग्लासची ती वसाहत मात्र पुढे, १९८० च्या दशकात, ओस पडली. कोल्ह्यांचा उपद्रव हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते.

काळ्या डोक्याच्या कुरवाबद्दल इतके माहीत आहे ते युरोपातल्या माणसांच्या दाराशी तो राहतो म्हणून. नांगरामागे किडे टिपत फिरणारा, शहरातल्या तळ्यांवर उतरणारा हा पक्षी तिथल्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचा. पायात कडी घातलेले काही पक्षी तीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. तपकिरी डोक्याच्या कुरवावर त्या मानाने फार थोडे काम झाले आहे. त्याची वसाहत गाठायची तर पठारावर जायला हवे, आणि तिथे संशोधकाला मिळणारा उन्हाळा पक्ष्याइतकाच आखूड. टिंबर्गनने रेव्हनग्लासला विचारला तसला प्रश्न त्सो कारच्या बेटांवर कुणी तरुण मराठी अभ्यासक विचारेल, अशी माझी फार इच्छा आहे. तिथे कावळ्याऐवजी कोण अंडी शोधतो, थंडीत ओले पिल्लू वाळायला किती वेळ लागतो आणि कवच उचलायची वेळ त्यामुळे पुढे सरकते का, हे पाहण्यासारखे आहे.

शास्त्रीय नावांच्या इतिहासात आपला किनारा थेट येतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचे नामकरण कार्ल लिनियसने १७६६ साली केले, इंग्लंडमधल्या पक्ष्यावरून. तपकिरी डोक्याच्या कुरवाला त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे वाट पाहावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातला डॉक्टर थॉमस कॅव्हरहिल जर्डन याने मद्रासच्या एका नियतकालिकात दक्षिण भारतातल्या पक्ष्यांची यादी क्रमाक्रमाने छापली, आणि १८४० साली त्यात या कुरवाचे वर्णन केले. त्याचा मूळ नमुना भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. पठारावर जन्मणाऱ्या पक्ष्याची विज्ञानात नोंद झाली ती तो हिवाळी मुक्कामाला येतो त्या किनाऱ्यावरून. दोन्ही जाती दीर्घकाळ ‘लारस’ या मोठ्या प्रजातीत धरल्या जात. २००५ च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासातून कुरवांची घराणी नव्याने लावली गेली, तेव्हा हंगामापुरते डोके रंगवणाऱ्या लहान कुरवांचा हा गट ‘क्रोइकोसेफालस’ नावाने वेगळा झाला. मोठा कुरव डोक्याने काळा असूनही या गटात बसला नाही, तो तिसऱ्याच शाखेत गेला. काळे डोके एकाहून अधिक घराण्यांत आढळते आणि त्यावरून नाते जोडणे फसवे ठरते, हे तिथेही दिसले.

आपल्याकडे दोघांची गाठ कुठे पडते? मुंबई बंदर, ठाण्याची खाडी, अलिबाग-मांडव्याचा पट्टा, रत्नागिरी, मालवण, गोव्याचा मोरजी किनारा, सगळीकडे. जिथे मासेमारी, तिथे कुरव. जाळे ओढले जाताना निसटलेली बारीक मासळी, धक्क्यावर फेकलेली आतडी, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातले किडे, हे त्यांचे खाणे. समुद्रापासून दूर म्हणाल तर उजनी. भीमेवरच्या या धरणाच्या फुगवट्यात, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या पाण्यावर, हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे कुरव मोठ्या संख्येने उतरतात. होडी निघाली की ते मागे येतात. काळ्या डोक्याचे कुरव मोठ्या थव्यांनी पाहायचे तर वाराणसीचे घाट किंवा प्रयागराजचा संगम गाठावा.

या सर्व ठिकाणी माणसे त्यांना खाऊ घालतात. उजनीत फरसाण, मुंबईच्या बोटींवर वेफर्स आणि गाठिया, गंगेवर शेव. बँकॉकजवळच्या बांग पू धक्क्यावर तपकिरी डोक्याच्या कुरवांना डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे मिळतात. चीनच्या युन्नान प्रांतातल्या खुनमिंग शहरात १९८५ पासून दर हिवाळ्यात काळ्या डोक्याचे कुरव हजारोंनी येतात, आणि तिथल्या प्रशासनाने पक्ष्यांसाठी मुद्दाम तयार केलेले खाद्य उपलब्ध करून दिले आहे. पक्षी हातातून घास उचलतो तेव्हाचा मुलांचा आनंद मी पाहिला आहे आणि तो खोटा नाही. पण तळलेले, मीठ घातलेले पिठाचे पदार्थ हे मासे आणि किडे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. त्यातच आपल्या बोटींवर प्लास्टिकची पिशवी फाडून रिकामी झाली की ती बहुधा पाण्यातच जाते. होडीवाल्यांचे पोट पर्यटकांवर चालते, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. खाऊ न घालताही कुरव होडीमागे येतात, कारण होडीच्या सुकाणूमागे घुसळलेल्या पाण्यात मासळी वर येते. होडीवाल्यांनी गिऱ्हाईकाला हे आधीच सांगितले, तर फरसाणाची पिशवी न उघडताही फोटो मिळतो.

एकत्र राहण्याची किंमतही दोघांनी मोजली आहे. २००५ च्या मे महिन्यात छिंगहाई सरोवरावर एच५एन१ बर्ड फ्लूची साथ आली आणि सहा हजारांहून जास्त रानपक्षी मेले. पट्टकदंब हंसांबरोबर तपकिरी डोक्याचे कुरव आणि मोठे कुरव त्यात होते. रानपक्ष्यांत या विषाणूने इतका मोठा संहार केल्याची ती पहिली मोठी घटना. २०२३ च्या वसंतात ब्रिटनमध्ये त्याच कुळातल्या विषाणूने काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहतींत हजारो पक्षी मारले. हाकेच्या अंतरावर घरटी करणे शिकाऱ्यांविरुद्ध उपयोगी, पण रोगापुढे तेच घातक. दोन्ही जाती आज धोक्याच्या यादीत नाहीत. तरी किनाऱ्यावर एकाच जागी बरेच कुरव मेलेले किंवा मान वाकडी करून गोल फिरताना दिसले, तर हात न लावता वनविभागाला कळवावे.

यंदा मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळच्या भरतीला एखाद्या धक्क्यावर जाऊन पाहा. तेव्हा डोके आणि पंख दोन्ही खुणा एकाच पक्ष्यावर मिळतात आणि आपली ओळख पडताळून घेता येते. फोटो काढणार असाल तर पक्षी बसलेला असताना एक आणि पंख पूर्ण उघडलेले असताना एक असे दोन तरी घ्या, दुसऱ्यात पंखाचे टोक कापले जाणार नाही याची काळजी घेऊन. नोंद ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना तो दुसरा फोटो जोडला, की त्या थव्यात कोण किती होते हे पुढे तपासणाऱ्यालाही खात्रीने सांगता येते.